गरम हवेचा खटला

मे महिन्यातला रविवार, सकाळचे साडेआठ. रक्कम अठरा हजार पाचशे. ही दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने कॉम्प्रेसर बदलायचा म्हणून चिठ्ठीवर लिहून दिलेली. हजर माणसे: मी, माझी पत्नी, माझी आई आणि गॅरेजशेजारचा बर्फगोळेवाला, तो पंच म्हणून. गाडी आमचीच, पांढरी. बॉनेट बंद.

बॉनेट बंद होते, कारण गाडीत नेहमी बसणारी सगळी माणसे समोर उभी राहिल्याशिवाय हा एसीवाला ते उघडतच नसे. आदल्या दिवशी मी एकटाच गेलो होतो. एसी गरम हवा मारतोय, जरा बघा, एवढेच म्हणालो. त्याने हातातल्या पान्याने टेबल ठोकले.

"घरात मानसं किती?"

"तीन. पण त्याचा एसीशी काय संबंध?"

"गाडीत बसणार तिघं अन् जबानी एकट्याची? एकतर्फी निकाल मी देत न्हाई साहेब. उद्या समद्यांना घेऊन या."

मी हिशेबातला माणूस. कुठल्याही गोष्टीचा आधी आकडा बघतो. बाहेर चाळीसच्या वर तापमान होते आणि समोरची चिठ्ठी अठरा हजार पाचशेची होती, तेव्हा आईला आणि पत्नीला घेऊन जाण्याचा खर्च काहीच नव्हता. गेलो.

शिवाय आम्हाला घाई होती. लेकीच्या लग्नानंतरचा पहिला अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला होता. गुरुवारी जावयाला धोंड्याचे जेवण. जावई, लेक आणि सोबत विहीणबाई रेल्वेने परळीला उतरणार होते आणि तिथून बीडपर्यंत त्यांना मी गाडीने आणायचे होते. विहीणबाई पुण्याच्या. लग्नातच त्या म्हणाल्या होत्या, "तुमच्याकडचं ऊन म्हणजे बाई अंगावर धावून येतं." पत्नीने ते वाक्य जपून ठेवले होते. फोनवर त्यांनी उन्हाचा विषय पुन्हा काढला तेव्हा ती म्हणाली, "उन्हाचं सोडा, येताना शाल आणा. आमच्या गाडीत गारठा लागतो." हे मी स्वतःच्या कानांनी ऐकले. त्याच आठवड्यात एसीने गरम हवा मारायला सुरुवात केली. तेव्हापासून आमच्या घरात पत्नी कोणाशी बोलत नव्हती. फक्त भांडी बोलत होती.

असो. मला सांगायचे आहे ते त्याच्याविषयी.

सगळे बीड त्याला वकील म्हणत असे. बायपासच्या अलीकडे, एका बाभळीखाली त्याचे पत्र्याचे गॅरेज होते. काम फक्त गाडीच्या एसीचे. टायर पंक्चर घेऊन कोणी आले तर तो म्हणे, "हे आमच्या अधिकारक्षेत्रात येत न्हाई." साठीचा, काळा, उंच, पांढरा शर्ट, त्यावर ग्रीसचे डाग, आणि कानाला अत्तराचा फाया. भिंतीवरच्या खिळ्याला एक काळा कोट टांगलेला असे. काम करताना तो कोट घालत नसे. बिघाड सापडला, की हात साबणाने धुऊन कोट चढवायचा, मग निकाल वाचून दाखवायचा. मे महिन्यातसुद्धा. निकाल ऐकताना आम्हाला घाम यायचा तो उन्हाचा, त्याला यायचा तो कोटाचा.

त्याने खरोखरच वकिलीचा अभ्यास केला होता. शेवटच्या वर्षापर्यंत पोचलाही होता. पण शेवटच्या परीक्षेत पहिल्याच प्रश्नात त्याला चूक दिसली. प्रश्नच कसा चुकीचा आहे हे सिद्ध करण्यात त्याने पुरवणीला पुरवणी जोडली आणि वेळ संपली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी घरच्यांनी त्याला हैदराबादला मामाकडे पाठवून दिले. मामाचे एसीचे दुकान होते. तिथून तो धंदा शिकून आला, तरी जीव कोर्टातच राहिला. कॉम्प्रेसरला तो वादी म्हणे, पंख्याला प्रतिवादी. बिघडलेल्या गाडीला पक्षकार. आणि गाडीच्या मालकाला काहीच म्हणत नसे. मालकावर त्याचा विश्वासच नव्हता.

"गाडी खोटं बोलत न्हाई," तो म्हणे. "खोटं बोलतो तो गाडीत बसणारा."

गॅस भरा, असे त्याच्या दारात कोणी म्हटले, की संपले. "कावून? गॅस काय चहा हाय का बे, पिऊन संपायला? बंद नळीत कोंडलेला हाय त्यो. कमी झाला असंल तर पळाला असंल. पळाला असंल तर भोक असंल. आधी भोक दाखव, मग गॅस माग." हे ऐकून अर्धी गिऱ्हाइके पुढच्या गॅरेजला जात आणि दर उन्हाळ्यात गॅस भरून घेत. ती गेली, की तो गोळेवाल्याला म्हणे, "जाऊ दे. तारखेवर तारीख घेतील अन् इथंच येतील."

गोळेवाला त्याच्या बाजूलाच हातगाडी लावी, आणि तो केवळ शेजारी नव्हता. तो पुरावा होता. वकिलाचा थर्मामीटरवर विश्वास नव्हता. एसी दुरुस्त झाला, की तो काचा वर करून, ज्याची तक्रार सर्वांत मोठी त्याच्या हातात बर्फाचा गोळा देई आणि गोळा हवेच्या झरोक्यासमोर धरायला लावी. गोळा टपकला, की काम नामंजूर, गाडी पुन्हा आत. गोळा टिकला, की गोळा खायचा आणि घरी जायचे. मी एकदा म्हणालो, की साखरेचे पाणी किती घातले त्यावर गोळा वितळणे अवलंबून असते, हा काही प्रमाणित पुरावा नव्हे. त्याने माझ्याकडे कौतुकाने बघितले. "साहेब, तुमी माझ्याविरुद्ध वकील म्हणून उभं राहायला पाहिजे हुतं," तो म्हणाला. ही त्याची सर्वांत मोठी शाबासकी होती.

त्याचा एक खटला सगळ्या गावाला पाठ होता. एका पुढाऱ्याची मोठी पांढरी गाडी आली, सोबत सात-आठ कार्यकर्ते. एसी गरम हवा मारतो. वकिलाने सगळ्यांना बाभळीखाली ओळीत उभे केले आणि एकेकाची जबानी घेतली. कार्यकर्ते पुढाऱ्यासमोर काय बोलणार? पहिला म्हणाला, "साहेबांच्या गाडीत कधीच गरम होत न्हाई." त्याचा शर्ट पिळला असता तर घागर भरली असती. दुसरा म्हणाला, गरम होते पण सहन होते. तिसरा म्हणाला, मागच्या महिन्यातल्या सत्कारानंतर गरम व्हायला लागले. वकिलाने तिथेच हात वर करून जबान्या थांबवल्या. गाडीच्या पुढे गेला. पुढच्या जाळीवर सत्काराचा फ्लेक्स तारेने आवळून बांधला होता, त्यावर पुढाऱ्याचा हात जोडलेला, हसरा चेहरा. जाळीतून आत वारा जायला जागाच नव्हती.

वकिलाने कोट चढवला. "आरोपीचा फोटो गाडीच्या तोंडावरच लावलेला हाय," तो म्हणाला. "माझं काम सोपं केलं तुमी."

कार्यकर्त्यांपैकी एकही हसला नाही. मग स्वतः पुढारीच हसला, तेव्हा सगळे हसले, आणि एकाला ठसका लागला. फ्लेक्स सोडला, एसी गार झाला. गोळा कोणी धरायचा यावरून मात्र कार्यकर्त्यांत भांडण झाले म्हणतात.

तो चुकतही असे, आणि चुकला की सगळ्यांना सांगे. एका मास्तरांच्या गाडीचा कॉम्प्रेसर त्याने दोषी ठरवून काढला, नवा बसवला, तरी हवा गरमच. शेवटी निघाला नखाएवढा फ्यूज. त्याने जुना कॉम्प्रेसर परत बसवून दिला, मास्तरांची माफी मागितली आणि स्वतःला शिक्षा सुनावली. भर दुपारी कोट घालून, काचा वर करून, एसी बंद ठेवून तो त्याच गाडीत बसला. मास्तर बाहेरून काच ठोकत विनवत होते, "अहो, उतरा, माझी गाडी आहे ती!" आतून तो मानेनेच नाही म्हणत होता. गोळेवाल्याने दार उघडून त्याला ओढून काढले तेव्हा तो म्हणाला, "चांगल्या वर्तणुकीमुळं शिक्षा कमी झाली."

तर असा माणूस त्या रविवारी आमच्यासमोर स्टुलावर बसला होता.

त्याने आधी बॉनेट उघडले, इंजिन सुरू केले. टक् असा आवाज आला. कॉम्प्रेसर चालू. पंखा फिरत होता. मग त्याने आतली जाड नळी मुठीत धरली आणि मला धरायला लावली. बर्फासारखी गार, वर दव जमलेले. म्हणजे थंडी तयार होत होती. आणि आत झरोक्यातून येत होती भट्टीची हवा.

"कॉम्प्रेसर निर्दोष," तो म्हणाला. माझ्या हातातली अठरा हजार पाचशेची चिठ्ठी घेऊन त्याने नळीवरचे दव त्या चिठ्ठीने पुसले. "थंडी दारापर्यंत येते. उंबऱ्यात कोणीतरी अडीवलीय. आता साक्षी."

पत्नी पहिली. तिने हातात पर्स घट्ट धरली होती.

"वहिनी, गरम हवा कधीपासून?"

"मंगळवारपासून. आणि गुरुवारी माझी विहीण यायची आहे. मी तिला शाल आणायला सांगितलीय हो."

"शाल?" वकिलाने गोळेवाल्याकडे पाहिले. "हे लई गंभीर हाय. नोंद घ्या." गोळेवाल्याने मान हलवली आणि बर्फ किसत राहिला. "हवेला काही वास?"

"येतो. आंबूस. गव्हाच्या चिकासारखा."

त्याचे डोळे आईकडे वळले. आई बाभळीकडे बघत होती.

"मावशी, तुमी गाडीत कधी बसता?"

"दवाखान्याला जाताना. देवाला जाताना."

"अन् गाडी उभी असताना?"

"उभ्या गाडीत कावून बसू? मला काय येड लागलंय?"

"बसता म्हणलोच न्हाई मी. काही ठिवता का?"

आईने पदर सावरला. "माझा घसा सुकला. गोळा हाय का काला खट्टा?"

वकील पुढच्या काचेपाशी वाकला. काच आणि डॅशबोर्ड यांच्या सांध्यात जी लांब फट असते तिच्यात त्याने करंगळी फिरवली आणि बोटाला लागलेला काहीतरी पांढरा चुरा बघितला. चाखलाही. मग ताठ उभा राहिला. मला वाटले आता कोट चढवणार. पण त्याने टाळी वाजवली. "साक्षी तहकूब! साहेब, वहिनी, तुमी गोळा खाऊन घ्या. मावशीची जबानी खाजगीत हुईल."

ते दोघे गॅरेजच्या मागे गेले. आम्ही गोळे खाल्ले. पत्नी म्हणाली, "सासूबाईंनी काही केलंय." मी म्हणालो, पुरावा नाही. ती म्हणाली, "गुरुवारी विहिणीपुढे माझं नाक कापलं गेलं ना, तर पुरावा मी देते." पाच मिनिटांनी आई परत आली ती चेहऱ्यावर काही न दाखवता, आणि तिने दुसरा गोळा मागितला.

सोमवारी त्याने डॅशबोर्ड खोलला. संध्याकाळी निरोप आला: निकाल तयार आहे, सगळे हजर राहा.

आम्ही पोचलो तेव्हा कोट अंगावर होता. टेबलावर एका स्टीलच्या ताटलीत पुरावा ठेवला होता, त्यावर रुमाल. त्याने रुमाल काढला. ताटलीत कुरडई होती. अर्धीच, मोडकी, वाळून दगड झालेली.

"थंड अन् गरम हवेच्या मधी एक दार असतं," तो म्हणाला, "त्या दाराच्या बिजागरीत ही अडकलेली हुती. दार गरम बाजूला उघडं राह्यलं. ओली असताना फटीतून आत घरंगळली, आत जाऊन वाळली."

पत्नीने सावकाश मान वळवली. आई आता बाभळीकडे बघू शकत नव्हती. अंधार पडत आला होता.

"तुम्ही गाडीत कुरडया वाळवल्या?" पत्नी म्हणाली. "आत्याबाई! गाडीत?"

"काचा लावलेल्या असत्यात," आई एकदम म्हणाली. "धूळ न्हाई, कावळा न्हाई, शेळी न्हाई. एका दिसात कडकडीत. कुठल्या बाईच्या एवढ्या पांढऱ्या झाल्यात का या साली, सांग!"

"आणि चावी?"

"खिळ्यालाच तर असती."

"थांबा!" वकिलाने टेबलावर पाना आपटला. "निकाल मला वाचायचा हाय. साहेब, तुमी पिंजऱ्यात या."

पिंजरा म्हणजे दोन टायर. मी त्यांच्यामध्ये उभा राहिलो.

"तुमच्या गच्चीवर काय हाय?"

"सोलरचे पॅनल."

"कधी बसवले?"

"डिसेंबरात."

"त्याच्या आधी मावशी कुरडया कुठं वाळवत हुत्या?"

"गच्चीवर."

"आता गच्चीवर मोकळी जागा किती?"

मला आकडे पाठ असतात. "टाकी आणि पॅनल सोडून, चालायला दीड फुटाची पट्टी."

"दीड फुटात कुरडई वाळती का?"

मी म्हणालो, हा प्रश्न मुद्द्याला धरून नाही. मी म्हणालो, विजेचे बिल पाचव्या हिश्श्यावर आले आहे, पाच वर्षांत खर्च वसूल होतो, याचा तक्ता मी केला आहे, आणि पॅनल बसवताना घरातल्या कोणीही हरकत घेतली नव्हती.

"इचारलं हुतं का?" आई म्हणाली.

तक्त्यात तो रकाना नव्हता.

वकिलाने दोन्ही हात कोटाच्या काठांना लावले. असा आवाज मी त्याच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता. बाभळीवरची चिमणीसुद्धा उडाली. "या बाईचं ऊन हिसकावून घेतलं गेलं! वर्षानुवर्षांची वहिवाट हुती तिची, त्या गच्चीवर! घरातल्या समद्यांनी कुरडया खायच्या अन् ऊन मात्र मीटरला द्यायचं? उभी गाडी, उन्हात, काचा बंद. तिनं जिथं ऊन सापडलं तिथं वाळवलं. मी म्हणतो, मावशी निर्दोष!"

गोळेवाल्याने टाळ्या वाजवल्या. आणि पत्नी हसायला लागली. आधी पदर तोंडाला लावून, मग टायरवर बसून. "मीटरला ऊन!" ती म्हणे आणि पुन्हा हसे. मंगळवारपासूनचे सगळे हसणे तिने एकदम बाहेर काढले. आई तिच्याकडे संशयाने बघत राहिली, मग तीही हसली. पिंजऱ्यात मी एकटाच गंभीर होतो. माझा तक्ता बरोबर आहे असे माझे आजही मत आहे.

निकालाप्रमाणे मी आठ दिवसांत अंगणात उंच लोखंडी चौकट आणि जाळीचे झाकण करून द्यायचे होते. मी केले. त्याच संध्याकाळी गोळा आईने धरला. काचा वर, एसी सुरू. आम्ही बाहेरून बघत होतो. गोळा टपकेना. आई आतून काहीतरी म्हणत होती, काच खाली केली तर म्हणाली, "दात कडकड वाजायलेत, काढा मला बाहेर."

गुरुवारी परळीला विहीणबाई उतरल्या त्या खरोखरच खांद्यावर शाल घेऊन. पत्नी पुढच्या सीटवर होती. मी मुद्दाम काही बोललो नाही. सिरसाळ्यापर्यंत विहीणबाई इकडच्या तिकडच्या गोष्टी करत होत्या. सिरसाळा मागे पडला आणि त्यांनी शाल उलगडली. थोड्या वेळाने डोक्यावरून घेतली. मग बारीक आवाजात जावयाला म्हणाल्या, "अरे, यांना म्हणावं जरा कमी करता येतो का." पत्नीने मागे वळून अगदी साधेपणाने विचारले, "बंद करू का? आम्हाला सवय झालीय हो." मी तिरक्या नजरेने तिचा चेहरा बघितला. लेकीच्या लग्नात ती एवढी खूश नव्हती.

दुपारी ताटात तळलेल्या कुरडया होत्या. विहीणबाईंनी तिसरी घेतली आणि इतक्या पांढऱ्या कशा, असे विचारले. पत्नी "ऊन चांगलं आहे इकडं" एवढे म्हणेपर्यंत आईने सगळे सांगून टाकले होते, दार, बिजागरी, निकाल, सगळे. जावयाच्या नाकातून ताक आले. विहीणबाईंनी मात्र लक्ष देऊन ऐकले आणि विचारले, मागच्या काचेपाशी ठेवल्या तर चालतील का.

वकिलाची एक पद्धत होती. निकालानंतर आठ दिवस अपिलाची मुदत. तोवर तो पैसे घेत नसे. मुदत संपल्यावर मी निघालो तर आई चप्पल घालून गाडीत येऊन बसलेली.

त्याने दोन हजार दोनशे सांगितले. मी मोजून दिले, त्याने मोजून घेतले. मग आईने कमरेची पिशवी सोडली आणि पाचशेची घडी केलेली नोट त्याच्यापुढे धरली.

"मावशी, पैशे आले की."

"ते गाडीचे. हे माझे."

"कशाचे?"

"माझ्या बाजूनं बोललास त्याचे. वकील फुकट बोलत नसतो."

तो हातातल्या फडक्याने हात पुसत राहिला. पुसून झालेलेच पुसत होता. "मावशी," तो म्हणाला, "मी वकील न्हाई. परीक्षा झाली न्हाई माझी." इतक्या वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते, गोळेवाल्याचा हात किसणीवर थांबला.

"मला काय करायचंय तुझ्या परीक्षेचं?" आई म्हणाली. "मी सुटले का न्हाई?"

त्याने नोट दोन्ही हातांनी घेतली, आणि ती इतर पैशांच्या गल्ल्यात न टाकता शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली. मग आईला विचारले, पावती पाहिजे का. आई नको म्हणाली. मी म्हणालो, पाहिजे. त्याने दोन वेगवेगळ्या लिहून दिल्या. डॅशबोर्ड खोलून बसवण्याची मजुरी, दोन हजार दोनशे, मेकॅनिकला मिळाली. वकील फी, पाचशे, वकिलाला मिळाली.